आत्याच्या गाडीची माउंटिंग

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. वेळ सकाळची, आवारात ऊन आल्यावरची. जागा, बनारसच्या महमूरगंजमधलं आमचं घर. हजर: मी, माझा नवरा, माझा धाकटा भाऊ, मिस्त्री, आणि जिची गाडी ती आत्या.

चार माणसं जमली आणि काही ठरवायचं असलं की मी आधी तारीख आणि हजेरी लिहिते. रेल्वेच्या भांडार विभागात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. तिथे कागदावर हजेरी नसेल तर बैठक झालीच नाही असं धरतात. घरीही मी तेच चालवते. गौरी-गणपतीचं सामान, भाच्याची मुंज, पाण्याच्या टाकीची सफाई, सगळ्याला यादी. घरचे यादीला हसतात आणि यादीप्रमाणेच वागतात. त्या दिवशी आत्याचं नाव मी शेवटी लिहिलं होतं. इथे लिहिताना क्रम बदलावा असं मनात आलं, पण बदललेला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. दुर्गाघाटावर राहते. तिच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं आणि सांड आला तर दोघांना. अशा गल्लीत राहणाऱ्या बाईकडे स्पोर्ट्स कार आहे हे लोकांना अजून खरं वाटत नाही. परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी ती सोबत आणली होती. जपानी, लाल, दोन सीटांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. डॉक्टरांची हौस लवकर फिटली आणि आत्याने ती विकत घेतली. तेव्हा मी कॉलेजात होते. तुझ्या दारापर्यंत सायकल नीट येत नाही, असं माझे वडील तिला म्हणाले. मी कुठे दारात चालवणार आहे, असं ती म्हणाली, आणि गाडी आमच्या आवारात लागली. ती आजतागायत तिथेच असते. दर रविवारी सकाळी आत्या मैदागिनपर्यंत चालत येते, तिथून ई-रिक्शा पकडते, आमच्याकडे चहा घेते आणि गाडी बाहेर काढते. विद्यापीठासमोरच्या लंका चौकातून सामनेघाटचा पूल, पलीकडे रामनगर, मग थोडं हायवेला. येताना माझ्या नवऱ्यासाठी कचौडी-जलेबी.

मला गाडी तिनेच शिकवली, याच गाडीवर. मी सारखी काट्याकडे बघायचे, इंजिनाचे किती फेरे झाले, आता गिअर बदलू का. ती म्हणायची, "काटा बघू नकोस. बुडाने चालव. गाडी खालून सांगते." मी हसायचे. गणिताच्या बाईच्या तोंडी बूड हा शब्द ऐकून कोणीही हसेल.

पन्नाशीनंतर तिचे कान बसत गेले. यंत्र लावून पाहिलं. यंत्रातून देवळाच्या घंटा, भोंगे, शेजारची भांडी आणि समोरच्या माणसाचं बोलणं सगळं एकाच मापाने आत यायचं, म्हणून तिने ते डबीत ठेवून दिलं. आता तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. घरच्यांचे फार चांगले वाचते. मिस्त्रीचे मुळीच नाही, कारण त्याच्या गालात कायम पान असतं. तिचं लायसन्स चालू आहे, डॉक्टरांचा दाखला आहे, आणि आजवर तिने कोणाला धक्का लावलेला नाही. भावाने लावलाय, चांगलं ऐकू येत असून.

आता आमच्या घरातली एक सवय सांगायला हवी. ओठ वाचणारं माणूस घरात असलं की बाकीचे काही ना काही शिकतात. आम्ही कप शिकलो. आत्याला कळू नये असं बोलायचं असलं की चहाचा कप तोंडाशी न्यायचा आणि कपाआडून बोलायचं. कोणी कोणाला शिकवलं नाही, आपोआप आलं. सुरुवातीला तिच्यासाठी आणायच्या साडीबद्दल, मग तिच्या मोतीबिंदूबद्दल, मग तिच्यानंतर दुर्गाघाटच्या खोल्यांचं काय, याबद्दल. माझी मुलगी लहान असताना एकदा दुधाचा पेला तोंडाशी धरून आत्याआजीविषयी काहीतरी कुजबुजली. आम्ही तिचं कौतुक केलं होतं.

तर गाडी. हिवाळ्यात तिच्यात एक दणका सुरू झाला. गिअर टाकला की खालून कोणीतरी हातोडी मारल्यासारखं व्हायचं. सिग्नलला उभी असली की आरशातलं चित्र हलायचं, गिअरचा दांडा स्वतःच थरथरायचा. आत्याने स्वतःच मिस्त्रीला बोलावलं. त्याने खाली शिरून बघितलं आणि बाहेर येऊन पान एका बाजूला सारत मला म्हणाला, "फाउंडेशन बैठ गया है, मैडम."

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये लोखंडी पट्ट्यांत धरलेले रबराचे जाड ठोकळे असतात, उजवीकडे एक, डावीकडे एक. इंजिनाचं वजन तेच पेलतात आणि त्याची थरथर तेच पितात. कागदोपत्री त्याला माउंटिंग म्हणतात, मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. आत्याच्या गाडीचं रबर वर्षानुवर्षं तापून-निवून दगडासारखं झालं होतं आणि एका बाजूला पट्टीपासून सुटलं होतं. इंजिन त्या अंगाला झुकलं होतं. बदलणं भागच होतं. प्रश्न फक्त कोणतं घालायचं एवढाच होता, आणि तो माझ्या रोजच्या कामातला प्रश्न होता. मी उत्साहात होते. आठवडाभर फोन केले, फोटो मागवले, मापं घेतली आणि तक्ता केला.

मूळचं मऊ रबर कंपनीने बंद केलं होतं. परदेशात कोणाकडे जुना साठा होता, पण कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्याच कंपनीने शर्यतीच्या गाड्यांसाठी काढलेलं घट्ट रबर मिळत होतं, हुबेहूब बसणारं. एक पॉलियुरेथेनचं होतं, कधी न मरणारं, पण ते घातलं तर गाडीतल्या माणसाचे दात वाजतील असं सगळे सांगत होते. मलदहियाच्या बाजारात एक जण जुन्याच पट्ट्यांवर नवं रबर ओतून देत होता, टिकलं तर टिकलं. आणि शेवटचा पर्याय, आजच्या मोठ्या गाड्यांत असतात ती तेल भरलेली माउंटिंग, पट्ट्या थोड्या कापून, भोकं पाडून बसवायची. तक्त्यात मी रकाने आखले: मिळण्याची खात्री, बसण्याची खात्री, आयुष्य, थरथर. थरथरीच्या रकान्यावर लिहिलं, कमी तितकी बरी. असं का, हे मला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणून तो रविवार. आवारात खुर्च्या टाकल्या होत्या. मी तक्ता वाचून दाखवत होते. आत्या उन्हाकडे पाठ करून पेरू कापत होती. अलाहाबादी पेरू, आतून गुलाबी. मीठ लावून एकेक फोड प्रत्येकाच्या हातात देत होती. मिस्त्रीने पान थुंकून पेरू घेतला, इतका तिचा मान. तिला तो बहनजी म्हणतो, त्याच्या बहिणी तिच्याच हाताखाली गणितात पास झाल्या.

तेल भरलेली सगळ्यांना आवडली. आत्याच्या पाठीला धक्के बसणार नाहीत, असं मी म्हणाले. तिची पाठ दुखते असं तिने कधी सांगितलं नव्हतं. तिचं वय झालंय म्हणजे पाठ असणारच, असं मी धरलं होतं.

माझा नवरा सरळ माणूस आहे. कप त्याला नीट धरता येत नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्यांना एकदा विचारू या का?"

मी कप तोंडाशी नेला. चहा संपलेला होता. कपाआडून म्हणाले, "तिला काय विचारायचं? इंजिन चालू आहे का बंद, ते तरी तिला ऐकू येतं का? आणि अशी अजून किती दिवस चालवणार आहे."

भावाने लगेच त्याचा कप उचलला. त्याचं मराठी निम्म्यात हिंदीकडे वळतं. "इतनी नरम टाक की आत्या स्टिअरिंगवरच सो जाएगी. झंझट खतम."

आम्ही हसलो. मिस्त्रीसुद्धा हसला. आत्याने सुरी थांबवून वर पाहिलं, एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, आणि तीही हसली. मग तिने पेरूची सगळ्यात चांगली फोड निवडून माझ्या हातावर ठेवली.

मी कागदावर लिहिलं: चर्चेअंती तेल भरलेली माउंटिंग बसवण्याचं ठरलं.

काम चोख झालं. मिस्त्रीने पट्ट्या इतक्या सफाईने कापल्या की जणू त्या गाडीसाठीच घडवल्या होत्या. गाडी घरी आली तेव्हा माझ्या नवऱ्याने बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवून इंजिन चालू केलं. आधी अशा वेळी पाणी सांडायचं. आता पृष्ठभागावर रेघसुद्धा उठली नाही. मी त्याचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

पुढच्या रविवारी आत्या आली. मी तिच्यासोबत बसले, मला तिचा आनंद बघायचा होता. तिने किल्ली फिरवली. थांबली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. इतक्या वर्षांत तिने गाडी चालू झाली का हे कोणाला विचारलं नव्हतं. मी मान डोलावली, आणि मला वाटलं, बघा, किती शांत झाली आहे गाडी, तिलासुद्धा पत्ता लागला नाही.

रथयात्रेच्या चौकापर्यंत येईतो मला कळायला लागलं की काहीतरी चुकतंय. ती दुसऱ्या गिअरमध्येच राहिली. इंजिन किंचाळत होतं, फुटपाथवरची माणसं मागे वळून बघत होती आणि तिचा चेहरा शांत होता. मी काट्याकडे बोट दाखवलं. तिने बघितलं, गिअर बदलला, पुढच्या वेळी फार लवकर बदलला आणि गाडीने आचके दिले. मग एका वासराला वाचवताना काटा पुन्हा राहून गेला. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून पुढे झुकून बसली होती, मी शिकत असताना बसायचे तशी.

लंकेच्या चौकात गर्दीत थांबावं लागलं. समोरची वाट मोकळी झाली. तिने क्लच सोडताना गाडी जराशी अडखळली. तिला वाटलं बंद पडली. तिने किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर मारला की जो आवाज होतो तो दातांत जातो. फळवाल्यांनी वळून पाहिलं, हवालदाराने पाहिलं, ई-रिक्शातल्या बायकांनी कानावर हात ठेवले. फक्त तिला काही कळलं नाही. तिने पुन्हा फिरवली. तसाच आवाज. विद्यापीठाच्या फाटकाशी उभी असलेली कॉलेजची मुलं हसायला लागली, एक जण ओरडला, "अम्मा, चालू है!" तिला ओरडणं ऐकू आलं नाही, पण हसणारे चेहरे दिसले. मी तिचं मनगट धरलं.

तिने किल्ली सोडली. तळहात डॅशबोर्डवर ठेवला. मग दारावर. मग गिअरच्या दांड्यावर. अंधारात आपण भिंतीवर स्विच चाचपतो तसा तिचा हात फिरत होता. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बंद आहे ना?"

मी म्हणाले, "चालू आहे, आत्या."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, जणू मी आणखी काही बोलणार होते. मागचे हॉर्न वाजवत होते. तिने माझ्या मदतीने गाडी पेरूवाल्याच्या गाड्याशेजारी घेतली, बंद केली, किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तू घेऊन जा," म्हणाली. पदर खोचला, चौक ओलांडला आणि ई-रिक्शात बसून निघून गेली. मागे पाहिलं नाही.

मी गाडी घरी आणली. ती सुंदर चालत होती. लोण्यासारखे गिअर, कुठे आवाज नाही, सीटमध्ये बसल्याचं सुख. मला ती आवडली, आणि आवडली याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्या दुपारी मिस्त्रीने परत दिलेले जुने ठोकळे मी आवारातून उचलून आणले आणि टेबलावर ठेवले. नख रुतत नव्हतं. रबर वयाबरोबर कडक होतं, हे मला माहीत आहे. साठ्याची मुदत बघणं हे माझं कामच आहे. पण तोवर मी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तिचे कान जसजसे बसत गेले तसतसं हे रबर कडक होत गेलं होतं. ऐकू येणं कमी झालं आणि सीटमधून येणारी थरथर वाढली. एक हळूहळू निघून गेलं, दुसऱ्याने हळूहळू जागा घेतली, आणि तिला गाडी कधी सुटलीच नाही. ती खरोखरच बुडाने चालवत होती. तिने ते मला शिकवताना स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. आणि मी आठवडाभर फोन करून, मापं घेऊन, शहरात मिळणारी सगळ्यात मऊ वस्तू शोधून तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये ठेवली होती.

मी हात चोळत बसणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी शर्यतीवालं घट्ट रबर मागवलं. मिस्त्रीला सांगून शुक्रवारचा दिवस राखून ठेवला. नवरा चहा गाळत होता. आत्यांशी बोललीस का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, वस्तू हातात आल्यावर बोलेन, नुसतं तोंडाने काय सांगायचं. खोका आला तसा तो पिशवीत घालून मी दुर्गाघाटाला गेले. गल्लीत शिरताना मला जवळजवळ हलकं वाटत होतं. चूक झाली होती, ती दुरुस्त झाली होती, पुढचं काम.

आत्याची खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी नदीकडे. आलेल्या माणसाला ती खिडकीसमोरच्या स्टुलावर बसवते, म्हणजे उजेड तोंडावर पडतो. मीही तिथेच बसले. तिने चहा ठेवला, पोहे दिले, माझ्या मुलीची परीक्षा विचारली. गाडीचा विषय नाही. चहाचा कप तिने माझ्या हातात दिला. मी तो नेहमीसारखा उचलला, आणि तिने हात पुढे करून तो माझ्या हातातून काढून घेतला व खिडकीत ठेवला.

"चहा मागाहून पी," ती म्हणाली.

मी खोका उघडला. रबर तिच्या हातात दिलं. तिने अंगठा दाबून पाहिला, दोन्ही हातांत धरून पिळून पाहिलं, नखाने टोकरलं. तिला ते आवडलं असावं, कारण तिने ते लगेच खाली ठेवलं नाही. घट्ट आहे, मी सांगितलं, सगळं पूर्वीसारखं खालून कळेल, शुक्रवारी बसेल.

"हे कोणी ठरवलं?"

"मी."

"परत?"

मी लगेच म्हणाले, काटाही दुरुस्त करून घेऊ, मोठा दिवा लावू काट्यावर. ती म्हणाली, काटा बरा आहे, पण बनारसात डोळे काट्यावर ठेवले तर सांड मांडीवर येऊन बसेल. मग हसली. मीही हसले, आणि मला वाटलं सुटले.

"त्या दिवशी तुम्ही हसलात तसं मीही हसले," ती म्हणाली. "तुम्ही हसलात म्हणून. कशाला हसतोय ते मला माहीत नव्हतं. पेरू कापत होते तेव्हा."

"गाडीचंच काहीतरी चाललं होतं, आत्या."

"गाडीचं असतं तर तोंड दिसलं असतं."

मी खिडकीतल्या कपाकडे पाहिलं.

"कप वर गेला की मला कळतं, माझं चाललंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, फळ्यासमोर उभी राहून बोलायची तसा सरळ आवाज होता. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? इतका वेळ चहा कोणी पितं का? तुझ्या वडिलांच्या वेळेपासून बघते आहे. साडीचं असलं तर मी मुद्दाम दुसरीकडे बघते, तुमची मजा जायला नको. पण ही माझी गाडी होती."

मी म्हणाले की मी सगळं लिहून देते. त्या बैठकीचं टिपण माझ्याकडे आहे, अजून तपशील घालून देते, कोण काय म्हणालं सगळं.

"लिहून नको. तुझं लिहिलेलं फार साफसूफ असतं. चर्चेअंती असं ठरलं, तसं ठरलं." तिला माझी टिपणं पाठ आहेत. मुंजीच्या वेळी तिनेच ती हसून हसून वाचून दाखवली होती. "तोंडाने सांग. इथे बस, कप न धरता, आणि तू काय म्हणालीस ते म्हण. तुझं फक्त. बाकीच्यांचं त्यांच्याकडून घेईन. मग बघू कोणतं रबर घालायचं ते. नाहीतर राहू दे गाडी तुझ्याकडे, चालतेच आहे ना छान."

मी तोंड उघडलं. उजेड थेट तोंडावर होता. तिला काय विचारायचं, एवढं पहिलं वाक्य. साधे शब्द आहेत. तिच्यासमोर बसून ते ओठांनी आकारायचे होते, आणि ती एकेक आकार वाचणार होती. त्या दिवशी ते मी इतक्या सहज बोलले होते की चहा संपल्याचंसुद्धा माझ्या लक्षात नव्हतं. आता माझे ओठ हलेनात. मी म्हणाले, "आठवत नाही नीट."

तिने मान हलवली. कप नसतानाही मी लपवते आहे, हे तिने वाचलं. मग तिने खिडकीतला चहा आणून माझ्या हातात दिला. गार झाला होता. मी तो खाली बघत प्यायले. जाताना खोका तिने पिशवीत परत घालून दिला, पिशवीचे बंद नीट बांधून.

शुक्रवारी मिस्त्रीचा फोन आला. त्याला आता नको म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, "बहनजी नाराज हैं क्या?" मी म्हणाले, नाही, थोडं काम बाकी आहे. भावाला मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, आणि दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून दुर्गाघाटाला गेला. त्याने तिला त्याचं वाक्य सांगून टाकलं. झोपून जाशील म्हणालो, झंझट खतम म्हणालो, असं तिच्यासमोर उभं राहून. तिने त्याला कान धरून बाहेर काढलं आणि मग हाक मारून परत आत घेऊन लाडू दिला, असं तो सांगतो. त्याला ते जमलं. यादी न करणाऱ्या माणसाला जमतं ते मला जमू नये, हे मी स्वतःला रोज सांगते.

इथे मी ते वाक्य लिहिलं आहे, वर, आहे तसं. लिहिणं जमलं, कारण हे वाचणारं कोणी माझ्या ओठांकडे बघत नाही.

या रविवारी आत्या आली. चहा घेतला, नवऱ्याला कचौडी आणली होती, ई-रिक्शातून येताना घेतलेली. माझ्यासमोर बसली, उजेडाच्या अंगाला मला ठेवून. गाडीवर कव्हर होतं, तिने तिकडे बघितलं नाही. मी कप सगळा वेळ टेबलावर ठेवला. पाण्याचं बिल, नदी किती उतरली आहे, मुलीचा पेपर कसा गेला, असं बोललो. ती थोडी थांबली, नेहमीपेक्षा जास्त थांबली, मग चपला घालून निघाली.

आठवड्याची यादी समोर आहे. गॅस नोंदवला. टाकी धुतली. कव्हर शिवायला दिलं होतं ते आणलं. माउंटिंगचा खोका कपाटावर आहे, उघडलेला, बसवलेला नाही. आत्याला सांगायचं राहिलं आहे.